गिळणं आणि बोलणं

‘दुवा’ हे यंत्र शर्टाच्या बटणाएवढं होतं. डॉक्टरांनी ते कोटाला लावायचं आणि रुग्णाच्या नातेवाइकानं त्याचा जोडीदार, एक इवलासा श्रवणमणी, कानात घालायचा. डॉक्टर अर्ध्या इंग्रजीत घाईघाईनं जे बोलतील ते ऐकून दुवा क्षणभर थांबे आणि नातेवाइकाला त्याच्या त्याच्या बोलीत समजावून सांगे. चंदगडच्या माणसाला चंदगडसारखं, चांदूरच्या माणसाला चांदूरसारखं. चार वर्षांत ते राज्यातल्या सव्वादोनशे रुग्णालयांत पोचलं होतं.

ते बनवणाऱ्या पुण्यातल्या संस्थेत केतकी गुरव शब्दविभागाची प्रमुख होती. यंत्राचं डोकं इतरांनी बांधलं, पण त्याच्या तोंडातलं मराठी केतकीचं. साडेचार हजार आजारांची, व्याधींची, मुलांच्या शिकण्यातल्या अडचणींची नावं तिनं सात वर्षांत गोळा केली. प्रत्येक नावाचा साधा अर्थ लिहिला आणि गावोगावचे डॉक्टर ते कसकसं उच्चारतात त्याचे नमुने जमवले. ‘सेरेब्रल पाल्सी’चे तिला अकरा उच्चार सापडले होते. तिची एक कीर्ती अशी होती, की ती कुणालाही न दुखावणारा शब्द शोधते. ‘डिस्लेक्सिया’साठी तिनं दोन आठवडे घालवले होते. ‘वाचनदोष’ तिनं बाद केला, कारण दोष म्हटलं की मूल गुन्हेगार ठरतं. शेवटी ‘वाचनअडचण’ ठेवला. त्याच्या खाली तिनं लिहिलं, ‘तुमचं मूल आळशी नाही, मठ्ठही नाही. अक्षरं ओळखण्याची त्याच्या मेंदूची वाट वेगळी आहे, एवढंच.’ हे वाक्य ऐकून आयाबाया रडतात, असं डॉक्टर तिला कळवत.

तिचा थोरला भाऊ हेमंत याला वाचता येत नव्हतं.

तो तासगावला विजेच्या स्कूटर दुरुस्त करायचा. गाडी सुरू केली की नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगे. लग्न झालेलं नव्हतं. दोन स्थळं आली, दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्या हातात पत्रिका दिली आणि गोष्ट तिथंच संपली. आई त्याच्याजवळच असायची. वडील केव्हाच गेले होते. केतकी दिवाळीला आणि मे महिन्यात जायची.

तो चौथीत असताना गुरुजींनी केतकीला दुसरीच्या वर्गातून बोलावून आणलं होतं. हेमंत उभा होता, हातात पुस्तक, मान खाली. गुरुजींनी पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, तू वाच, तुझ्या भावाला ऐकू दे. तिनं पूर्ण पान न अडखळता वाचलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि तिला फार आनंद झाला. पुढं शिकताना, चोविसाव्या वर्षी, भावाच्या त्रासाला नाव आहे हे तिला कळलं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. कधी सांगायचं, कसं सांगायचं, यावर काही दिवस विचार केला आणि मग विचारही सोडून दिला.

जानेवारीत आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयात तिला ठेवलं. केतकी पहिले चार दिवस राहिली आणि दिल्लीत दुवाचं सादरीकरण होतं म्हणून गेली. बाराव्या दिवशी आईला घरी सोडताना हेमंत एकटाच होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन-तीन मिनिटांत सगळं सांगितलं, एक कागद हातात दिला आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. तो कागद त्यानं चौघडी घालून खिशात ठेवला. फोनकडून तो वाचून घेता आला असता. पण कानातल्या दुव्यानं सगळं नीट, आपल्या भाषेत सांगितलं होतं, आणि दुवा त्याच्या बहिणीनं बनवलेला होता.

दुव्यानं सांगितलं होतं, “तुमच्या आईंना आजारानं बोलण्याची अडचण झाली आहे. मनात एक असेल आणि तोंडातून दुसराच शब्द येईल. हवं असताना ‘नको’ म्हणतील. शब्दांवर जाऊ नका, रागावू नका. मायेनं खाऊपिऊ घाला.”

हेमंतनं तसंच केलं. दुकान बंद ठेवलं आणि आईला चमच्या-चमच्यानं पेज, चहा, ताक देऊ लागला. आई तोंड फिरवायची. जड जिभेनं म्हणायची, नको, नको रे. तो हसून म्हणायचा, कळलं मला, तुला हवंय.

तिसऱ्या दिवशी त्यानं केतकीला फोन लावला, आईला बोलण्याची अडचण झाल्याचं सांगितलं आणि फोन आईसमोर धरला. चमचा ओठांजवळ येताच आईनं डाव्या हातानं तो ढकलला आणि केतकीकडे बघत म्हणाली, “नको. केतू, नको.” पुढं आणखी काहीतरी बोलली, ते खोकल्यात विरलं. हेमंतनं विचारलं, पाणी प्यायली की खोकते, काय करू? केतकी म्हणाली, “थंडी आहे, कोमट करून दे. आणि दादा, ती नको म्हणते त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तो आजारच तसा असतो. नेटानं दे.”

तो नेटानं देत राहिला.

सहाव्या दिवशी आईला ताप भरला, श्वास घरघरू लागला. पाजलेलं पाणी आणि पेज अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं होतं. केतकी पोचली तेव्हा आई अतिदक्षता विभागात श्वासाच्या यंत्रावर होती आणि बाहेरच्या बाकापाशी डॉक्टरीणबाई, एक परिचारिका आणि वसंतमामा हेमंतभोवती उभे होते. डॉक्टरीणबाईंच्या हातात तो कागद होता, चार घड्या पडलेला. पातळ काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा घट्ट करून, बसवून, चमच्याच्या टोकावर. सगळं त्यावर लाल शाईनं लिहिलेलं होतं.

केतकीनं कागद घेतला, वाचला आणि भावाला म्हणाली, “एक कागद वाचता आला नाही तुला? दुसरीतलं पोर वाचतं हे.”

परिचारिकेनं मान वळवली. मामांनी जीभ चुकचुकवली. हेमंतनं त्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “चुकलं माझं.” एवढंच म्हणाला.

दुपारी केतकी रुग्णालयाच्या उपाहारगृहात संगणक उघडून बसली. दुव्यानं बोललेलं प्रत्येक वाक्य नोंदीत राहतं. आईला सोडलं त्या दिवसाची नोंद काढून ती भावासमोर ठेवणार होती, की बघ, यंत्रानंही तुला सांगितलं होतं. तिला त्याची चूक पुराव्यानिशी हवी होती.

तिनं डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकला. “सिव्हिअर डिस्फेजिया आहे, फीडिंगला नीट काळजी घ्या, कागदावर सगळं लिहिलंय.” मग दुव्याचं वाक्य ऐकलं. ते तिचंच होतं. स्वल्पविरामासकट तिनं लिहिलेलं. पण ते दुसऱ्या आजाराचं होतं.

वैद्यकात दोन शब्द आहेत आणि दोघांचाही जन्म ग्रीक भाषेतला. दोन्हीची सुरुवात ‘डिस’ने, म्हणजे बिघाड. एकाचा पुढचा भाग खाण्यावरून आला: तो गिळण्याचा बिघाड. दुसऱ्याचा बोलण्यावरून: तो भाषेचा बिघाड. इंग्रजी लिहिताना एकात जी आहे, एकात एस. बोलताना पहिल्यात आपल्या ‘जीव’मधला ज येतो आणि दुसऱ्यात एक मऊ, घासून येणारा आवाज, जो मराठीत नाही. आपल्याकडे जहाजातला ज आहे, जीवातला ज आहे, पण हा तिसरा नाही. म्हणून टेलिव्हिजन म्हणताना आपण तिथंही ज म्हणतो. मराठी तोंडातून ते दोन्ही आजार ‘डिस्फेजिया’ म्हणूनच बाहेर पडतात. त्यात कुणाची चूक नाही. जिभेला जे बाळपणी मिळालं तेवढंच तिच्यापाशी असतं.

यंत्राला लिहिलेलं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. अशा वेळी ते आजूबाजूची माहिती तोलतं. आईची उजवी बाजू लुळी होती, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात, आणि बहुतेकांची भाषा तिथंच असते. म्हणून यंत्राचा काटा बोलण्याकडे झुकला. नोंदीत आकडे होते. बोलण्याचा बिघाड, शंभरात त्रेपन्न. गिळण्याचा, सत्तेचाळीस.

पहिल्या दोन वर्षांत काटा असा मधोमध लटकला, की दुवा डॉक्टरांना विचारायचा: “डॉक्टर, गिळण्याचा त्रास की बोलण्याचा?” डॉक्टर चिडले. नातेवाइकांसमोर यंत्र आमचे उच्चार काढतं, अशी पत्रं आली. केतकीला ते पटलं होतं. कुणालाही दुखवायचं नाही, हा तिचाच नियम. तिनं सारख्या उच्चाराच्या तेवीस जोड्यांची यादी केली आणि त्यांच्यापुरता तो प्रश्न बंद केला. काटा ज्या बाजूला झुकेल ती बाजू खरी. आदेशाखाली तिचं नाव आणि तारीख होती. त्या दिवशी विभागात पेढे वाटल्याचंही तिला आठवलं.

तिनं संगणक मिटला. हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली, नळ सोडला आणि पाणी तसंच वाहू दिलं. आरशात बघायचं मात्र टाळलं.

त्याच संध्याकाळी तिनं संस्थेचे प्रमुख अनिरुद्ध सबनीस यांना फोन केला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की प्रश्न आजच्या आज पुन्हा सुरू करू. बाकी रुग्णालयाच्या नोंदीत ‘नातेवाइकाने लेखी सूचना पाळली नाही’ असं आहेच. ते आपण होऊन बदलायला जायचं कारण नाही. केतकीनं त्यांना विरोध केला नाही.

ती अकरा दिवस गप्प राहिली.

त्या अकरा दिवसांत आई यंत्रावरून उतरली. घशातून पुन्हा काही देणं धोक्याचं, म्हणून पोटाला छिद्र पाडून नळी बसवली. शुद्धीवर आल्यावर ती जड, पण नीट शब्दांत हेमंतला म्हणाली, “सांगत होते की रे तुला. नको म्हणून.” तिची भाषा पहिल्यापासून शाबूत होती. हेमंतनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. केतकी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती आणि चादरीची घडी सारखी करत होती. मामा रोज येत आणि रोज एकदा तरी म्हणत, की पोरगी शिकली, पोरगं तसंच राहिलं, त्याची किंमत ताईला मोजावी लागली. केतकी तेही ऐकून घेई. डबा आणायला जाते म्हणून उठे.

बाराव्या दिवशी सकाळी ती जिना चढून आली तेव्हा हेमंत व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरा बसला होता. त्याच्या मांडीवर अंकलिपी होती, पहिलीच्या मुलांची, रंगीत चित्रांची. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, नखांत वंगण बसलेला, एका अक्षराखाली बोट ठेवून पुटपुटत होता. सकाळच्या गारठ्यातही त्याच्या मानेवर घाम होता. तिची चाहूल लागताच त्यानं पुस्तक झटकन मांडीखाली घातलं.

तिनं विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं. “आईला घरी न्यायचंय. पुन्हा चूक नको व्हायला. पण च आणि ज सारखं तेच होतंय बघ. नुसतं हलतंय समोर.”

केतकी त्याच्या शेजारी फरशीवर बसली. फोन काढला आणि त्याला डॉक्टरीणबाईंचं वाक्य ऐकवलं. मग दुसऱ्या एका डॉक्टरांचं, बोलण्याच्या बिघाडाबद्दलचं. त्यानं डोळे मिटून तीनदा ऐकलं, जसं तो गाडीचं चाक ऐकायचा.

“एकच शब्द आहे,” तो म्हणाला.

“दोन आहेत, दादा. एक गिळण्याचा, एक बोलण्याचा. आईला गिळण्याचा त्रास होता. यंत्रानं तुला बोलण्याचा सांगितला.”

“मला तर फरक कळत नाही.”

“कुणालाच कळत नाही. मलाही नाही.”

“मग यंत्राला तरी कसा कळणार?”

“ते विचारायचं डॉक्टरांना. ते विचारणं मी बंद केलं. डॉक्टरांना वाईट वाटत होतं म्हणून.” ती थांबली असती तर पुढचं निघालं नसतं. “तुझी चूक नव्हती. यंत्रानं जे सांगितलं ते तू तंतोतंत केलंस. आणि हे मला अकरा दिवसांपासून माहीत आहे.”

व्हरांड्यातून एक मावशी फरशी पुसत आल्या, त्यांच्यासाठी हेमंतनं पाय उचलून घेतले, त्या गेल्यावर खाली ठेवले.

केतकी म्हणाली, “अजून एक आहे.” आणि तिनं त्याला अक्षरं का हलतात ते सांगितलं. बहुतेकांचा मेंदू अक्षराचा आकार बघताक्षणी त्याच्या आवाजाशी जोडतो. काहींच्या मेंदूत तो जोड सहज होत नाही, त्याचा हुशारीशी संबंध नाही. लहानपणी कळलं तर वेगळ्या पद्धतीनं शिकवता येतं. मोठेपणीही थोडं येतं. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात.

त्यानं शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग स्वतः म्हणून पाहिला, हळू, एकेक तुकडा. बरोबर म्हणाला.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“एकवीस वर्षं.”

“गुरुजी तोवर गेले असतील,” तो म्हणाला. “मला तरी सांगायचं होतंस.”

ती रडू लागली. त्यानं तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. अंकलिपी मांडीखालून काढून पिशवीत ठेवली आणि उठून उभा राहिला. म्हणाला, “मला सांगितलंस ते ठीक. ज्यांच्यासमोर मला बोललीस त्यांना सांग.”

तिनं सांगितलं. परिचारिकेला औषधांच्या खोलीत गाठून, डॉक्टरीणबाईंना त्यांच्या टेबलापाशी. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पडल्या आणि स्वतःशीच तो शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहू लागल्या. मामांना तिनं आईच्या खाटेशीच सांगितलं, म्हणजे आईलाही एकदमच कळावं. मामांनी मध्येच विषय बदलायचा प्रयत्न केला. तिनं बदलू दिला नाही. सांगून झाल्यावर आईनं विचारलं, “फोनवर मी तुलाच सांगत होते. ऐकू आलं होतं ना?”

“आलं होतं, आई.”

आईनं मान भिंतीकडे वळवली. संध्याकाळपर्यंत ती तशीच होती. नळीतून अन्न द्यायची वेळ झाली तेव्हा तिनं केतकीचा हात बाजूला केला आणि हेमंतला खुणेनं बोलावलं.

पुढच्या आठवड्यात केतकी पुण्याला गेली. काटा मधोमध लटकला असताना यंत्रानं ‘बोलणं’ निवडलं आणि नंतर रुग्ण छातीच्या विकारानं परत दाखल झाला, अशा सगळ्या नोंदी तिनं काढल्या. आईला धरून एकोणीस निघाल्या. सबनीस म्हणाले, की हे वकिलांमार्फत, योग्य त्या भाषेत कळवावं लागेल, आणि तोवर तिनं या कामापासून दूर राहिलेलं बरं. तिनं राजीनामा लिहून दिला, यादीची प्रत रीतसर मागून घेतली आणि सांगितलं, की वकील त्यांच्या भाषेत कळवोत, मी माझ्या नावानं फोन करणार आहे. ते चिडले नाहीत. त्यांनी प्रत दिली, फक्त तिच्याकडे बघितलं नाही.

पहिला फोन तिनं तासगावच्या घरातून केला. हेमंत दुकान उघडायला गेला होता, आई झोपली होती. यादीत पहिलं नाव जत तालुक्यातल्या बिराजदारांचं होतं, एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ, पत्नी गेल्या उन्हाळ्यात वारलेली. केतकीनं नाव सांगितलं, आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, काही न वगळता. दोन शब्द, एक उच्चार, बंद केलेला प्रश्न, खाली असलेली आपली सही. तिकडून शिव्या येतील अशी तिची तयारी होती. त्या आल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बिराजदारांनी तिचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

“बरं,” ते म्हणाले. “जरा थांबा, सुनेला बोलावतो. हिला भरवायचं काम तिच्याकडं होतं. वर्षभर आम्ही घरातले सगळे तिलाच बोल लावतोय.”

त्यांनी हाक मारल्याचं ऐकू आलं. दूर कुठंतरी भांडी घासण्याचा आवाज थांबला. मग पावलं, बांगड्यांची किणकिण, आणि एका बाईचा दबलेला आवाज.

“हां, बोला.”

केतकीनं पुन्हा आपल्या नावापासून सुरुवात केली.